उन्हात कपडे वाळविणे : लाभ, दोष व दक्षता

(ग्रामस्थ, शिक्षक, शासकीय कर्मचारी व महिला मंडळांच्या सदस्या यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मिरगाचा पहिला पाऊस कोसळण्यापूर्वी गोव्यातील घराघरांच्या अंगणांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जी लगबग चाललेली असते ती सर्वांच्या परिचयाची आहे. एका चटईवर लाल मिरच्या पसरलेल्या असतात, दुसरीवर आमसुले काळी पडत असतात, आणि या साऱ्यांच्या वर दोन माडांमध्ये ताणलेल्या दोरीवर गोधड्या, चादरी व उशांचे अभ्रे ऊन खात असतात. पुढील चार महिने असे ऊन मिळणार नाही हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस पक्के ठाऊक असते. उन्हाचे मोल पंचांगाइतकेच चोखपणे जाणणारी ही परंपरा आहे.

असे असता कपडे उघड्यावर वाळविणे हा एखाद्या व्याख्यानाचा विषय व्हावा याचे कोणास नवल वाटेल. धुणे धुवावे, पिळावे, दोरीवर टाकावे आणि सुकले की घडी करावी, यात सांगण्यासारखे ते काय? परंतु पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांतून एक वार्ता कोठून ना कोठून येतेच. कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरली, गृहिणीस धक्का बसला आणि तिला सोडवावयास धावलेले माणूसही दगावले. ज्या कामाकडे कोणी काम म्हणूनही पाहत नाही, त्या कामात जर माणसे जीवास मुकत असतील, तर त्याचा विचार चारचौघांत व्हावयास हवा. उन्हातील वाळवण हितकारक आहे, यात संशय नाही. दोष आहे तो आपण दोरी कशाची बांधतो, कोठे बांधतो आणि तीवर काय टाकण्यास संकोचतो, यात.

सूर्य आणि वारा यांचे कार्य

ओले वस्त्र सुकते म्हणजे त्यातील पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. या क्रियेस उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४०० किलोज्यूल इतकी उष्णता खर्च होते. विजेच्या हिशेबाने सांगावयाचे तर हे प्रमाण एका युनिटच्या दोनतृतीयांशाइतके भरते. एखाद्या कुटुंबाचे चार किलो सुती कपडे हाताने पिळले तरी त्यांत जवळजवळ चार लिटर पाणी राहते. ते सुकविण्याचे काम विजेवर हवा तापविणाऱ्या साध्या यंत्राकडे सोपविले तर किमान अडीच युनिटांहून अधिक वीज लागेल. यंत्रात उष्णता वाया जाते ती धरता प्रत्यक्ष खर्च याहूनही मोठा असतो. हे काम सूर्य आणि वारा रोज अंगणात विनामूल्य करून देतात.

मात्र केवळ ऊन पुरेसे नाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर नवे बाष्प सामावून घेण्यास तिच्यात जागा उरत नाही. म्हणूनच जानेवारीच्या कोवळ्या उन्हातही पंचा दोन तासांत कडकडीत वाळतो, आणि श्रावणात पाऊस उघडून ऊन पडले तरी तो सायंकाळपर्यंत दमटच राहतो. वाऱ्याचे कार्य असे की, कापडाभोवती जमलेली बाष्पयुक्त हवा तो दूर सारतो आणि तिच्या जागी कोरडी हवा आणतो. भूगोलाच्या पुस्तकातील खारे वारे व मतलई वारे विद्यार्थ्यांना शिकविताना शिक्षकांनी शाळेच्या आवारात दोन सारखे रुमाल वाळत घालून पाहावेत. एक वाऱ्याच्या दिशेस आडवा टाकावा, दुसरा भिंतीच्या आडोशास ठेवावा. फळ्यावरील आकृतीपेक्षा हा धडा मुलांच्या अधिक काळ स्मरणात राहील.

आरोग्याचा लाभ

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अनेक जंतूंना मारक असतात. शिवाय जंतू व बुरशी यांना वाढीसाठी ओलावा लागतो, आणि पूर्ण कोरड्या झालेल्या वस्त्रात तो त्यांना मिळत नाही. गजकर्ण व नायटा यांसारखे त्वचारोग दमट हवेत बळावतात. घरातील एकास ते झाले की अर्धओले कपडे, एकच टॉवेल व एकच अंथरूण यांतून ते इतरांस लागतात. अंथरुणांत राहणारे व दम्याच्या रोग्यास त्रास देणारे सूक्ष्म कीटकही ओलाव्यावर जगतात. म्हणून गाद्या व गोधड्या उन्हात टाकण्याची जुनी रीत शास्त्रसंमत आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऊन हा साबणाचा किंवा उकळत्या पाण्याचा पर्याय नव्हे. आजारी माणसाचे कपडे आधी गरम पाण्यात व साबणाने स्वच्छ धुवावेत, मगच उन्हात टाकावेत. त्याचप्रमाणे खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कापड सुकेल, परंतु अतिनील किरणांचा बराचसा भाग काच अडवीत असल्याने उघड्या उन्हाचा गुण त्यात येत नाही.

तान्ह्या मुलाची दुपटी व लंगोट तिन्हीसांजेपूर्वी आत घ्यावीत असे जुन्या स्त्रिया बजावीत असत. त्या याचा संबंध दृष्ट लागण्याशी जोडीत. कारण काहीही सांगितले जावो, रीत शहाणपणाची आहे. दिवस मावळल्यावर दव पडू लागते, वाळलेले कापड पुन्हा ओलावा धरते आणि दिव्याच्या उजेडाकडे आलेले किडे त्याच्या घडीत शिरतात.

कापडाची हानी

जे ऊन जंतूंना मारते तेच कापडाच्या रंगास व धाग्यासही झिजविते. पांढरे सुती कापड उन्हात उजळते, मात्र रंगीत कापड फिके पडते. रेशीम पिवळट होऊन चिरू लागते. नायलॉनचा धागा दीर्घकाळ उन्हात राहिल्यास कमकुवत होतो. लोकरीचे विणलेले वस्त्र दोरीवर टांगले तर स्वतःच्याच ओल्या भाराने ताणले जाऊन बेढब होते. पांढरे उन्हात आणि रंगीत सावलीत हा नियम परीट व गोव्यातील मडवळ पिढ्यान् पिढ्या पाळीत आले आहेत. रंगीत कपडे उलटे करून टाकावेत, रेशमी साडी वाऱ्याच्या सावलीत ठेवावी, लोकरीचा स्वेटर खाटेवर पसरावा, आणि वाळलेला कपडा दिवसभर दोरीवर विसरू नये. एवढे केले तरी पुष्कळ नुकसान टळते.

उघड्यावरील वाळवणाचे आणखी काही लहानसहान उपद्रव ग्रामस्थांस ठाऊकच आहेत. जांभळाच्या झाडाखाली दोरी बांधली की पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडावयाचेच. मोकाट गुरे दोरीवरचा कपडा ओढून चघळतात. सुरवंट कापडास चिकटला आणि न झटकता तो कपडा अंगात घातला तर अंगभर खाज सुटते. या साऱ्यांवर उपाय सोपा आहे : जागा निवडून बांधावी आणि कपडा झटकून घ्यावा.

वाळवण आणि धूळ

धुळीचा प्रश्न मात्र एकट्या गृहिणीच्या हातचा नाही. डिचोली, सांगे, धारबांदोडे या तालुक्यांतील खनिजवाहतुकीच्या रस्त्यांलगत राहणाऱ्या कुटुंबांनी पांढऱ्या वस्त्रावर बसणारी तांबडी धूळ वर्षानुवर्षे पाहिली आहे. वास्को परिसरातील रहिवाशांनी कोळशाच्या काळ्या धुळीविषयी वेळोवेळी गाऱ्हाणी मांडली आहेत. दोरीवरील पांढरे वस्त्र हे हवेच्या शुद्धतेचे सर्वांत स्वस्त मापक होय. ते सकाळी पांढरे टाकले व दुपारी मळकट निघाले, तर तीच हवा घरातील लहान मुलांच्या छातीतही जात आहे असे समजावे. अशा गावात ‘कपडे आत वाळवा’ एवढाच सल्ला देणे पुरेसे नाही. रस्त्यावर पाणी मारले जाते की नाही, मालवाहू गाड्यांवर ताडपत्री असते की नाही, याची विचारणा पंचायतीने केली पाहिजे आणि संबंधित अधिकाऱ्यांनी तिची दखल घेतली पाहिजे.

झुडपांवर व गवतावर वाळवण नको

ओहोळावर किंवा तळीवर धुणे धुतल्यावर जवळच्याच झुडपांवर व गवतावर कपडे पसरण्याची सवय सर्वत्र आढळते. ही सवय सोडणे इष्ट आहे. झुडपांत व दाट गवतात एका जातीच्या अतिसूक्ष्म किडीची पिल्ले राहतात. ती डोळ्यांस सहज दिसत नाहीत. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ज्वर होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत या रोगाची साथ आली होती, आणि गोव्यातही त्याचे रुग्ण आढळलेले आहेत. चावल्यानंतर साधारणतः दहा दिवसांच्या आसपास मोठा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. पुष्कळदा चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली ती असल्यास रुग्णाच्याही लक्षात येत नाही. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने हा रोग बरा होतो, मात्र दुर्लक्ष केल्यास तो प्राणावर बेततो. म्हणून पावसाळ्यात व त्यानंतर ताप आल्यास रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि शेतात, रानात किंवा गवतात वावर झाला असल्यास ते डॉक्टरांस आवर्जून सांगावे. धुण्यासाठी तळीकाठी दोन खांब रोवून एक दोरी ताणली, तर गावातील कोणासही झुडपांचा आश्रय घ्यावा लागणार नाही.

पावसाळ्यातील अडचण

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. चवथीपूर्वी घराची साफसफाई निघते, धुण्याचे ढीग पडतात आणि ऊन नेमके त्याच वेळी दडी मारून बसते. अशा वेळी कपडे पडवीत, माळ्यावर व निजण्याच्या खोलीतही टांगले जातात. चार किलो कपड्यांतील चार लिटर पाणी मग त्या खोलीच्या हवेतच उतरते. भिंतींवर बुरशी चढते, कोंदट वास येतो आणि दमेकऱ्याचा त्रास वाढतो. घरात वाळविणे अपरिहार्य असल्यास कपडे अंतराअंतराने टांगावेत, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा लावावा आणि शक्यतो निजण्याची खोली वर्ज्य करावी.

निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून बाळाची दुपटी सुकविण्याची रीत अनेक घरांत होती. उघड्या पडवीत, कोणीतरी जवळ बसून हे केले तर गोष्ट वेगळी. परंतु दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसास तो कळतही नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीवर कपडे टांगणेही तितकेच घातक आहे.

पणजी, मडगाव, पर्वरी येथील सदनिकांत राहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. तेथे अंगण नाही, आणि दर्शनी गॅलरीत कपडे दिसू नयेत असा आग्रह कित्येक गृहसंस्था धरतात. वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यावरून शेजाऱ्यांत कलह होतात. गजांबाहेर वाकून कपडे टाकताना तोल जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. अमेरिकेतही वसाहतींनी असे निर्बंध घातले तेव्हा व्हरमाँट व मेन यांसारख्या राज्यांनी २००९ मध्ये कायदे करून रहिवाशांचा उन्हात कपडे वाळविण्याचा हक्क राखला. आपल्याकडील गृहसंस्थांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गच्चीवर सर्वांसाठी दोऱ्या बांधून दिल्या आणि वार लावून दिले, तर सौंदर्यही राखले जाईल व सोयही होईल.

तारेतील मृत्यू

आता सर्वांत गंभीर बाबीकडे वळले पाहिजे. दोरी कुजते, तुटते, म्हणून पुष्कळ घरांत लोखंडी तार बांधली जाते. तिचे एक टोक पत्र्याच्या छपरास अथवा लोखंडी खांबास असते, दुसरे कधी विजेच्या खांबास किंवा त्याच्या ताणतारेसही गुंडाळलेले असते. घरात येणाऱ्या वीजजोडणीच्या वायरीचे वेष्टन ऊन-पावसाने जीर्ण होते आणि पत्र्यावर अथवा फांदीवर घासून फाटते. त्यातून २३० व्होल्टची वीज पत्र्यात व तेथून तारेत उतरते. तार पूर्वीसारखीच दिसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून ओल्या हाताने ओला कपडा तिच्यावर टाकणारी स्त्री त्या क्षणी विजेच्या मार्गात उभी असते. तिची किंकाळी ऐकून पती, सासू किंवा मूल धावते आणि तिचा हात धरते. एकाच घरातील दोन-तीन माणसे एका वेळी जातात ती अशी.

हे मृत्यू दैवाधीन नाहीत. कपडे वाळविण्यासाठी धातूची तार बांधूच नये, काथ्याची किंवा नायलॉनची दोरी बांधावी. काथ्याची दोरी दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. विजेचा खांब, ताणतार, मीटरची पेटी व पत्र्याचे छप्पर यांस दोरीचे कोणतेही टोक बांधू नये. दोरी विजेच्या तारांपासून इतकी दूर असावी की कपडे वर टाकण्याची काठी उंच केली तरी तेथवर पोहोचू नये. घरातील वायरिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-उपकरण बसवून घ्यावे. त्याचा खर्च माणसाच्या जीवापुढे नगण्य आहे.

तरीही दुर्घटना घडलीच तर धक्का बसलेल्या व्यक्तीस हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो लगेच सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. व्यक्ती बेशुद्ध असून श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे आणि दुसऱ्या कोणी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेल्या किंवा लोंबणाऱ्या वीजतारेची वर्दी १९१२ या क्रमांकावर देता येते. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी हे प्रात्यक्षिक प्रतिवर्षी जूनमध्ये करून दाखवावे. घरी धोका ओळखणारे पहिले माणूस पुष्कळदा शाळकरी मूलच असते.

संकोचामुळे उन्हास मुकलेले कापड

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, परंतु तो टाळून चालणार नाही. जुन्या घरांत सोवळ्याची वस्त्रे उंच दांडीवर, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा मोकळ्या जागी वाळत असत. त्याच घरातील स्त्रियांच्या मासिक पाळीची कापडे मात्र न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून, कधी लाकडांच्या राशीमागे सुकत असत, किंवा पुरती सुकतच नसत. ज्या कापडास उन्हाची सर्वांत अधिक गरज, त्यास ऊन सर्वांत कमी मिळे. पुष्कळ घरांत ही स्थिती आजही बदललेली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते २४ वयाच्या तरुणींपैकी सुमारे निम्म्या त्या काळातही कापड वापरीत होत्या.

कापड वापरणे यात वाईट काही नाही. स्वच्छ सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविले आणि कोरड्या जागी ठेवले तर ते निर्धोक असते. दमट राहिलेले कापड पुन्हा वापरले तर खाज, पुरळ व जंतुसंसर्ग यांचा त्रास होतो, आणि ज्या संकोचाने ते लपविले त्याच संकोचाने हा त्रासही लपविला जातो. केंद्र शासनाच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत राज्य शासनापासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाची जबाबदारी सांगितली आहे. म्हणजेच ही बाब केवळ आईने मुलीच्या कानात सांगावयाची उरलेली नाही.

उपाय कठीण नाही. घराच्या मागील दारी, जेथे दुपारचे ऊन थेट पडते अशा जागी, माडाच्या झावळ्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करावा आणि आत एक दोरी बांधावी. वरून आभाळ मोकळे असावे. कन्याशाळा व विद्यार्थिनींची वसतिगृहे यांच्या गच्चीवर अशी सोय राखून ठेवावी. आणि घरातील पुरुषांनी त्या दोरीकडे पाहून कुजबुज करू नये, किंबहुना ती दोरी स्वतः बांधून द्यावी. आडोसा हवा तो डोळ्यांपासून, उन्हापासून नव्हे.

सर्वांचे कर्तव्य

मे महिन्यात पुरुमेंताच्या कामास लागताना प्रत्येक घराने एक सकाळ आपल्या दोरीसाठी द्यावी. लोखंडी तार असेल तर ती काढून टाकावी. काथ्या कुजला असेल तर नवी दोरी आणावी. जागा ऊन-वाऱ्याची आहे, झुडपांपासून व विजेपासून दूर आहे, लहान मुलाच्या गळ्यास अडकणार नाही इतकी उंच आहे, हे पाहावे. पंचायतीने तळीकाठी खांब रोवावेत, वीज कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी वस्तीतून फिरून खांबांना बांधलेल्या तारा उतरवाव्यात आणि शिक्षकांनी या गोष्टी मुलांच्या तोंडून घरोघर पोहोचवाव्यात.

यापैकी कशासही मोठा निधी लागत नाही. ऊन आहे, वारा आहे, आणि दोरीची किंमत थोडीच आहे. ती बांधताना जरा पाहून बांधली, आणि घरातील प्रत्येकाच्या वस्त्रास तीवर जागा दिली, तर पुढच्या पावसाळ्यात वृत्तपत्रातील ती दुःखद वार्ता निदान आपल्या गावची नसेल.